गेटबाहेरचे तास कोण मोजणार?

ट्रक ड्रायव्हरने दिवसात किती तास काम करावं याचा आपल्याकडे कायदाच नाही असं बऱ्याच जणांना वाटतं. आहे की, आणि चांगला जुना, १९६१ च्या मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्टपासूनचा. त्यात लिहिलं होतं, दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांबच्या रूटला परवानगी घेऊन १० आणि ५४. सलग ५ तासांच्या वर काम नाही, मधे कमीत कमी अर्धा तास विश्रांती, आणि सगळं धरून दिवसाचा पसारा १२ तासांच्या आत. नंतर १९८८ चा मोटार वाहन कायदा आला, त्याच्या कलम ९१ ने हेच तास पुन्हा सांगितले आणि वरून असंही म्हटलं की राज्य सरकार मालकाला हे तास आधी ठरवायला लावू शकतं आणि त्याची नोंद ठेवायची सोय करू शकतं. म्हणजे नोंदीची गोष्टसुद्धा कायद्यात लिहिलेली आहे, फक्त ती नोंद रस्त्यावर कोणी पाहिलेली नाही. १९६१ चा कायदा २०२० च्या नव्या कामगार संहितेत घेतला आणि ती नोव्हेंबर २०२५ पासून लागूही झाली, घ्या बापडे, पण धुळ्यात पारोळा चौफुलीवर रात्री दोनला चहाला थांबलेल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा की बाबा तुझे आज किती तास झाले, तो आधी हसेल आणि मग उलट विचारेल, कधीपासून मोजू?

हे "कधीपासून मोजू" चेष्टेवारी नेऊ नका. ट्रकमधे तासांची नोंद करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवायचं आणि त्याचं देशभर एकच स्टँडर्ड करायचं, तर सगळा वाद याच एका प्रश्नाचा आहे.

नितीन गडकरींनी सप्टेंबर २०२१ मधे म्हटलं होतं की पायलटसारखे ट्रक ड्रायव्हरचेही तास ठरवले पाहिजेत आणि गाडीत झोप ओळखणारा सेन्सर पाहिजे. मग १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, हे काम खरंच चांगलं झालं, मे महिन्यात भुसावळचं ऊन ज्याने केबिनमधे बसून खाल्लंय तोच सांगेल. सरकारच्या मार्च २०२५ च्या नियमांच्या मसुद्यात डुलकी लागली की वाजणारी सिस्टीम मोठ्या गाड्यांना लावायचा प्रस्ताव आला. तेही असू द्या. पण अलार्म वाजून सांगणार काय, तर तुला झोप येतेय. हे ड्रायव्हरला मुक्ताईनगरच्या अलीकडेच कळलेलं असतं. त्याला झोपायला वेळ का मिळाला नाही हे अलार्मला माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे तो केबिनमधे नाहीये, तो ऑफिसात बसून फोनवर "कुठपर्यंत आला" विचारतोय.

मी या नोंदयंत्राच्या बाजूचा आहे, आधीच सांगून टाकतो. २०२२ मधे देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसं मेली. सेव्ह लाईफ फाउंडेशनने २०२० साली ट्रक ड्रायव्हरांचा अभ्यास केला, त्यात जवळपास निम्म्यांनी कबूल केलं की थकलेले असलो, झोप येत असली तरी गाडी चालवतो, आणि रोजचं चालवणं सरासरी १२ तासांच्या घरात निघालं. प्रत्येक अपघात झोपेच्या खात्यात टाकायचा नाही हेही खरं, जुलै २०२३ मधे शिरपूर तालुक्यात पळासनेरला कंटेनर गाड्यांना उडवत हॉटेलात घुसला तेव्हा ब्रेक फेल झाल्याचं पुढे आलं होतं. पण आपल्याकडे अपघात झाला की ब्रेक तपासता येतात, टायर बघता येतात, दारू तपासता येते, आणि ड्रायव्हर किती तास जागा होता हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. जे लिहिलेलं नसतं ते पंचनाम्यात येत नाही, आणि पंचनाम्यात नाही म्हणून कोर्टात नाही, मग "चालकाचे नियंत्रण सुटल्याने" एवढं छापून बातमी संपते. नियंत्रण कशाने सुटलं, हे कोण लिहिणार?

आता आमच्या जळगाव जिल्ह्यातली केळीची गाडी घ्या. रावेर, सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यातून उत्तरेला जाणारी. गाडी बऱ्याचदा आदल्या रात्रीच येऊन लागते. सकाळी बागेत कटाई, घड वाहून बांधावर, वजन, मग भरती, हल्ली बॉक्स नाहीतर कॅरेट, आणि हे सगळं होईपर्यंत संध्याकाळ. या पूर्ण दिवसात ड्रायव्हर काय करतो? लोक म्हणतील झोपतो. भरती चालू असताना, गाडी पुढे घे मागे घे चालू असताना, चव्वेचाळीस डिग्रीत, बागेच्या कडेला कुठली झोप येतेय, आणि ताडपत्री-दोर बांधायला तर तोच लागतो. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, हातात पडते अंधार पडल्यावर आणि मग त्याचा दिवस "सुरू" होतो. दिल्ली हजार-अकराशे किलोमीटर. सरासरी ४५ चा स्पीड धरला तरी २४ तासांचं निव्वळ चालवणं, म्हणजे कायद्यातले १० तास धरले तर अडीच दिवस. आणि व्यापाऱ्याला आझादपूर मंडीत पहाटे गाडी पाहिजे, कारण उशीर झाला की भाव पडतो आणि ती तूट भाड्यातून कापतात. हे गणित सरळ आहे, यात ड्रायव्हरला झोपायचा रकाना कोणी ठेवलेलाच नाही.

केळीचं निदान नाशवंत मालाचं कारण तरी आहे. जळगाव एमआयडीसीतल्या दालमिल, पाईपच्या, चटईच्या कंपन्या, सीझनला कापसाच्या जिनिंगा, इथे कसलं कारण आहे? गेटबाहेर गाड्यांची रांग असते, नंबर कधी लागेल ते सांगत नाहीत, गाडी सोडून लांब जाता येत नाही कारण नंबर गेला तर परत मागे, संडास-बाथरूम आत आहे पण आत सोडत नाहीत. उतरवायच्या जागीही तेच, हमाल नाहीत, साहेब जेवायला गेलेत, गोडाऊन फुल आहे. हॉल्टिंगचे, म्हणजे थांबवून ठेवल्याचे, पैसे मागितले तर पार्टी, म्हणजे मालवाली कंपनी, म्हणते पुढच्या वेळी गाडी दुसऱ्याची लावतो. ट्रान्सपोर्टवाला पार्टीला दुखवत नाही, दलाल तर कोणालाच दुखवत नाही, राहिला ड्रायव्हर, तो दहा तास उभा राहतो आणि मग वाया गेलेले तास भरून काढायला रात्रभर चालवतो. गावाकडच्या एका गाडीमालकाशी मी हे बोलत होतो, गाडी तोच चालवतो, तो म्हणाला, "गाडी उभी ऱ्हायनी ते हप्ता कोन भरी भो?" त्याच्यावर चिडता येत नाही. फायनान्सवाला गेटबाहेरचे तास मोजत नाही, महिना मोजतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की नॅशनल स्टँडर्ड चाक फिरण्याच्या तासांचं नको, ड्रायव्हरच्या पूर्ण कामाच्या तासांचं पाहिजे, आणि गेटबाहेर उभं राहण्याचे तास त्यात वेगळ्या रकान्यात, कोणाच्या गेटवर ते नावासकट आले पाहिजेत. हा एक रकाना नसेल तर बाकी यंत्र ड्रायव्हरच्याच बोकांडी बसणार.

हे मी अंदाजाने म्हणत नाहीये, बाहेर हे होऊन गेलंय. अमेरिकेत २०१२ च्या कायद्यानंतर बऱ्याच वादावादीने १८ डिसेंबर २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक लॉग सक्तीचा झाला. तिथला नियम असा की १० तास सुटी घेतल्यावर १४ तासांची खिडकी उघडते आणि त्यात ११ तास चालवता येतं. खिडकी एकदा उघडली की घड्याळ चालूच, गोडाऊनवर पाच तास लटकलात तर ते पाच तास तुमच्या चौदातून गेले. कागदी वहीत ड्रायव्हर थोडं इकडंतिकडं लिहून घ्यायचा, यंत्रात ते बंद झालं. मग झालं काय, अभ्यासकांनी तपासलं तर तासांचे नियम मोडणं कमी झालं पण अपघात काही कमी झालेले दिसले नाहीत, उलट छोट्या कंपन्यांच्या ड्रायव्हरांवर स्पीडच्या आणि बेदरकार चालवण्याच्या केसेस वाढल्या. साहजिक आहे, घड्याळ पळतंय, पैसे मैलावर मिळतात, मग माणूस पाय कुठे दाबणार?

दुसरी गडबड त्यांनी स्टँडर्डमधेच केली. यंत्र बनवणाऱ्या कंपनीनेच स्वतःला सर्टिफिकेट द्यायचं, आमचं यंत्र नियमात बसतं बरं का. त्यामुळे शेकडो यंत्रं यादीत आली आणि मग सरकारला त्यातली खराब यंत्रं हुडकून हुडकून काढत बसावं लागलं. कॅनडाने हे शेजारी बसून बघितलं आणि वेगळं केलं, बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेने तपासल्याशिवाय यंत्र यादीत नाही. त्यांची सक्ती १२ जून २०२१ ची आणि पूर्ण अंमल १ जानेवारी २०२३ पासून. उशीर झाला, पण बरा उशीर. आपल्याकडे तपासायला पुण्यात एआरएआय आहे, आयकॅट आहे, गाड्या आणि त्यांचे भाग तपासणाऱ्याच संस्था या, त्यामुळे स्वतःच स्वतःला पास करायची सवलत कोणी मागितली तर तिथेच थांबवायचं.

युरोपात टॅकोग्राफ, म्हणजे गाडीतलं तास नोंदवणारं यंत्र, तर फार जुना, डिजिटल टॅकोग्राफ २००६ पासून नव्या गाड्यांना, स्मार्ट म्हणतात तो २०१९ पासून. त्यात मला दोन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. एक, ड्रायव्हरचं स्वतःचं कार्ड असतं, नोंद माणसाची होते, तो गाडी बदलो की मालक बदलो. दोन, यंत्रात चार बटणं म्हणा, चालवणं, इतर काम, उपलब्ध म्हणजे थांबलोय पण बोलावलं तर लगेच हजर, आणि विश्रांती. चाक फिरलं की चालवणं आपोआप पडतं, बाकीचं ड्रायव्हरने निवडायचं. इथेच मेख आहे. मालकाच्या दबावाखाली माणूस गेटबाहेर उभा असताना विश्रांती दाबतो आणि कागदावर ताजातवाना होतो. चोरी तिथेही होतेच, गिअरबॉक्सच्या सेन्सरवर लोहचुंबक लावतात, यंत्राला वाटतं गाडी उभी आहे आणि गाडी नव्वदने चाललेली. तेव्हा आपल्याकडे चुंबक येणार नाही असं समजू नये, आपली पोरं तर त्याच्या पुढे जातील.

पण युरोपच्या नियमातली जी ओळ आपण उचलायची ती यंत्राबद्दल नाहीच आहे. २००६ च्या त्यांच्या नियमात कलम १० आहे. किती अंतर कापलं, किती माल नेला यावर असा पगार किंवा बोनस द्यायचा नाही ज्याने रस्त्यावरची सुरक्षा धोक्यात येईल, आणि माल पाठवणारा, दलाल, कंत्राटदार सगळ्यांनी ठरवलेलं टायमिंग तासांच्या नियमात बसलं पाहिजे. ऑस्ट्रेलियातही तसंच, भरणारा, पाठवणारा, वेळापत्रक लावणारा, सगळे साखळीने जबाबदार. इथे सावद्याच्या व्यापाऱ्याला किंवा जळगावच्या कंपनीला कोणी सांगेल का, की तुम्ही अकराशे किलोमीटरला दीड दिवस दिलात म्हणजे गुन्हा तुमचा? आज नाही सांगत. आज नाक्यावर गाडी अडवली की खाली उतरतो ड्रायव्हरच.

आपला स्वतःचा अनुभव तर आणखी बोलका आहे. स्पीड गव्हर्नर. २०१५ पासून ट्रकला ताशी ८० ची मर्यादा घालणारं यंत्र सक्तीचं झालं. पासिंगच्या दिवशी ते चालू असतं. नंतरची गोष्ट कोणत्याही हायवेवरच्या गॅरेजवाल्याला विचारा, वायर कुठली काढायची ते तो झोपेत सांगेल. मग आलं लोकेशन ट्रॅकिंग, एआयएस-१४०, प्रवासी गाड्यांना १ जानेवारी २०१९ पासून. स्टँडर्ड कागदावर वाईट नव्हतं, पण मोठा भर यंत्र बसवण्यावर आणि पॅनिक बटणावर, त्यातून येणारी माहिती कोण बघणार, बघून काय करणार, हे राज्यांवर सोडलेलं. ट्रकचं यंत्र त्याच वाटेने गेलं तर पासिंगच्या वेळी भाड्याने आणून लावायची नवीन लाईन सुरू होईल, एवढंच. यंत्र बंद पडलं तर बंद पडल्याची नोंद सर्व्हरवर झाली पाहिजे, आणि सातपुड्याच्या बाजूला रेंज नसते तिथे नोंद यंत्रातच साठून राहून नंतर गेली पाहिजे, या गोष्टी स्टँडर्डमधे पहिल्या पानावर पाहिजेत.

आणि गंमत बघा, सरकारकडे अर्धी माहिती आताच आहे. २०२१ पासून फास्टॅग सगळ्यांना सक्तीचा, म्हणजे गाडी कोणत्या टोलवर किती वाजता होती हे माहीत. ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा कागद, २०१८ पासून, त्यात माल कुठून कुठे. या ई-वे बिलाची मुदत आधी दर १०० किलोमीटरला एक दिवस होती, १ जानेवारी २०२१ पासून ती दर २०० किलोमीटरला एक दिवस केली. करचोरी रोखायला केलं, मान्य, पण सरकारला मालाचा वेळ मोजता येतो, दिवस आणि किलोमीटर जोडून नियम करता येतो आणि तो मोडला तर दंड घेता येतो हे सिद्ध झालं ना? माणसाचा वेळ मोजायचा म्हटलं की मात्र सगळं अवघड होतं. फास्टॅगला फक्त गाडी कळते, आत कोण बसलाय ते नाही, म्हणून ड्रायव्हरचं कार्ड लागेल, आणि आपलं लायसन्स तसंही सरकारच्या सारथी पोर्टलवर असतंच.

याच काळात उलटी गोष्टही झाली. नॅशनल परमिटच्या गाडीत दोन ड्रायव्हर पाहिजेत अशी अट होती, ती २०१८ मधे काढून टाकली, त्याच वर्षी एक्सलवर न्यायचं वजनही वाढवून दिलं. दोन ड्रायव्हरची अट तशीही कोणी पाळत नव्हतं, क्लीनरलाच ड्रायव्हर दाखवायचे, हे खरं. पण पाळत नाहीत म्हणून अट काढायची असेल तर मग हेल्मेटचीही काढा. वजन वाढलं, माणूस एक कमी झाला आणि तास मोजायचे राहूनच गेले.

छोट्या मालकाचं काय, हा प्रश्न येणारच आणि तो खरा आहे. आपल्याकडे बहुतेक ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे, आणि १९६१ चा कायदा मुळात पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांना लागू होता. म्हणजे ज्या छोट्या मालकांच्या मिळून सगळ्यात जास्त गाड्या चालतात तोच वर्ग बाहेर. त्याच्यावर यंत्राचा खर्च टाकला आणि भाडं तेच राहिलं तर तो जानेवारी २०२४ सारखा रस्त्यावर उतरेल. तेव्हा हिट अँड रनच्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून ड्रायव्हर संपावर गेले, मनमाडजवळ पानेवाडीचे टँकर थांबले आणि आपल्याकडे पंपांवर रांगा लागल्या, आठवत असेल. शेवटी सरकारने ते कलम लागू करणं थांबवलं. ड्रायव्हरला न विचारता त्याच्यासाठी कायदा केला की काय होतं ते तिथे दिसलं. त्यामुळे सुरुवात मोठ्या ताफ्यांपासून करावी, कंपन्यांचे कंटेनर, टँकर, पार्सलवाले, जे तसेही स्वतःच्या सोयीसाठी जीपीएस लावून बसलेत आणि ड्रायव्हर ढाब्यावर पंधरा मिनिटं जास्त थांबला तर फोन करतात. पाळत त्यांनी आधीच लावलीय, तिचा फायदा ड्रायव्हरला कधी झाला नाही इतकंच.

ड्रायव्हरला फायदा कसा व्हावा? त्याच जुन्या १९६१ च्या कायद्यात जादा कामाला दुप्पट दराने मजुरी द्यायची असं लिहिलं होतं. आजवर किती ट्रक ड्रायव्हरांनी ती मागितली, आणि मागितली तरी पुरावा काय दाखवणार? हे यंत्र तो पुरावा देऊ शकतं. म्हणून नोंदीची एक प्रत ड्रायव्हरच्या मोबाईलवर, मराठी-हिंदीत, मालकाला पुसता येणार नाही अशी, हे मी सोडायला तयार नाही. मालकांच्या संघटना या मुद्द्यावर गप्प राहतील किंवा प्रायव्हसीचं काढतील, ज्यांनी केबिनमधे ड्रायव्हरच्या तोंडासमोर कॅमेरा लावलाय तेसुद्धा. उलट बाजूने खाकी आणि आरटीओ. रस्त्यात यंत्र बघायचा अधिकार हातात दिला की "एंट्री"चा, म्हणजे लाचेचा, नवा दर फुटेल याची मला पूर्ण खात्री आहे. तेव्हा दंड रस्त्यात नको, नोंदीवरून नोटीस जावी, आणि ती गाडीमालक आणि माल पाठवणारा अशा दोघांना जावी, जीएसटी नंबर ई-वे बिलावर असतोच.

एक गोष्ट यंत्रवाले विसरतात, तास संपले तर थांबायचं कुठे? धुळे-जळगावमधला फागणे ते तरसोद हायवे चौपदरी व्हायलाच किती वर्षं गेली ते आपण भोगलंय, आणि झालेल्या रस्त्यावरही रात्री गाड्या कडेलाच उभ्या असतात, ना लाईट ना रिफ्लेक्टर, मोटारसायकलवाले मागून जाऊन धडकतात. ऑगस्ट २०२३ मधे हायकोर्टाच्या आदेशाने कन्नड घाटात जड वाहनांना बंदी आली, बरोबरच झालं, घाटाची ती ताकदच नव्हती, पण नांदगावकडून वळसा पडला तेव्हा कोणत्या पार्टीने टायमिंग वाढवून दिलं? नवापूर ते मुक्ताईनगर या पट्ट्यात दर काही अंतरावर राखण असलेली, संडास-पाणी असलेली ट्रक थांबायची जागा नसेल तर यंत्र ड्रायव्हरला एवढंच सांगणार की आता बेकायदा चालव किंवा बेकायदा थांब.

स्टँडर्ड ठरायला वेळ लागेल, समित्या बसतील, कंपन्या आपापली यंत्रं घेऊन येतील. तोपर्यंत एक काम बिनखर्चाचं आहे. बिल्टीचा नमुना रस्त्याने मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत दिलेला आहे. त्यात चार रकाने वाढवायचे. भरायच्या जागी गाडी गेटवर कधी आली आणि कधी सुटली, उतरवायच्या जागी कधी आली आणि कधी सुटली, आणि प्रत्येकापुढे गेटवाल्याची सही. सही दिली नाही तर ड्रायव्हरच्या मोबाईलमधला लोकेशनसकट फोटो चालेल असं लिहायचं. याला सॅटेलाइट लागत नाही, टेंडर लागत नाही, एक अधिसूचना लागते, आणि कंपन्यांचा विरोध कुठून सुरू होतो ते त्याच आठवड्यात कळेल.